रोजच्या संकलनात राजकीय भाष्य, विज्ञानवार्ता आणि प्राण्यांच्या नवलगोष्टी एकत्र कशा द्याव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले चार महिने आपण रोज सकाळी सुमारे दोनशे वाचकांसाठी एक छोटे संकलन तयार करता. त्यात तीन-चार राजकीय भाष्यांचा गोषवारा, तीन विज्ञानवार्ता आणि शेवटी प्राण्यांविषयीची एखादी नवलाची गोष्ट असते. काही वाचक संकलन एकतर्फी असल्याची तक्रार करू लागले आहेत, विज्ञानाच्या दोन बातम्या पुढे चुकीच्या ठरल्या, आणि सर्वांना मनापासून आवडते ती केवळ शेवटची गोष्ट. या सगळ्यात आपले रोजचे तीन तास जातात. म्हणून राजकारण आणि विज्ञान वगळून प्राण्यांचेच सदर चालू ठेवावे का, असे आपण विचारले आहे.

मी एकोणीस वर्षे असेच दैनिक संकलन करत आले आहे. आधी एका संस्थेच्या अंतर्गत वाचनासाठी आणि नंतर स्वतंत्रपणे. त्या अनुभवावरून सांगते की दोन्ही सदरे वगळू नयेत. मात्र हे काही अंशी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आपले वाचक मूळ लेख उघडून वाचतात की आपला गोषवारा हेच त्यांचे त्या दिवसाचे वाचन असते, ते आपल्याला ओळखतात की नाही, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तीच मंडळी पुन्हा आपल्यासमोर असतात का, यावर बरेच ठरते. बहुतेक वाचक गोषवाऱ्यावरच थांबतात असे धरून चालावे, कारण संकलन घेण्यामागचा त्यांचा हेतूच वेळ वाचवण्याचा असतो. एकदा हे मान्य केले की आपली जबाबदारी वाटाड्याची राहत नाही, कारण त्या विषयावर वाचकाला शेवटचा शब्द आपल्याकडूनच मिळणार असतो.

आपण प्रश्न निवडीचा म्हणून मांडला आहे. मला तो वेगळा वाटतो. आपल्या संकलनात तीन प्रकारचे मजकूर आहेत: मत, निष्कर्ष आणि नवल. मत लिहिले जाते त्याच दिवशी पूर्ण झालेले असते. ते पटो वा न पटो, लेखकाला जे म्हणायचे ते त्याने म्हटलेले असते. वैज्ञानिक निष्कर्ष छापून येतो त्या दिवशी त्याची खरी परीक्षा नुकतीच सुरू झालेली असते, आणि ती कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे चालते. प्राण्यांविषयीचे नवल तर शिळेच होत नाही, त्यामुळे ते आजच देण्याची काहीही निकड नसते. असे असताना आपण, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही, तिन्ही गोष्टी तीन-तीन ओळींच्या एकाच साच्यात, एकाच सुरात आणि एकाच सकाळच्या घाईत देतो. कोणते वाक्य कशाच्या आधारावर उभे आहे हे वाचकाला त्यामुळे कळेनासे होते. एकतर्फीपणाची तक्रार आणि चुकलेल्या बातम्या ही दोन्ही दुखणी मला याच एका कारणातून आलेली दिसतात.

राजकीय भाष्यापासून सुरुवात करते. ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९२१ साली लिहिले होते की मत मोकळे आहे, पण तथ्य पवित्र आहे. हे वचन सर्वांना मान्य असते, पण वाचताना ते पाळणे अवघड जाते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१८ मध्ये प्रौढ नागरिकांना पाच तथ्यात्मक आणि पाच मतवजा विधाने दिली होती. पाचही तथ्यात्मक विधाने ‘तथ्यात्मक’ म्हणून ओळखणारे २६ टक्के निघाले, आणि पाचही मते ‘मत’ म्हणून ओळखणारे ३५ टक्के. प्रश्न विधान खरे की खोटे हा नव्हता, ते कोणत्या जातीचे आहे एवढाच होता. शांतपणे प्रश्नावली भरतानाही हे जमत नसेल, तर सकाळच्या घाईत आपला गोषवारा वाचणाऱ्याकडून ती अपेक्षा करता येत नाही. तो भेद आपण वाक्यातच करून द्यावा लागतो.

त्यासाठी मी प्रत्येक राजकीय नोंदीत आधी घटना सांगते, स्वतंत्र वाक्यात, कोणाच्याही शब्दांत न अडकता. त्यानंतर कोणी लिहिले आहे आणि ती व्यक्ती कोणत्या जागेवरून बोलते आहे, हे येते. माजी मंत्री, पक्षाचे प्रवक्ते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्त न्यायाधीश यांपैकी काय ते वाचकाला आधी कळले पाहिजे. मग त्यांचा मुद्दा एका वाक्यात आणि त्या मुद्द्याचे कारण दुसऱ्या वाक्यात. कारण न देता नुसता मुद्दा दिला की चांगला लेखही घोषणेसारखा वाचला जातो, आणि वाचक आपल्याला एकतर्फी म्हणतात त्याचे निम्मे कारण मला इथे दिसते. लिहून झाल्यावर मी एकच कसोटी लावते: मूळ लेखकाने माझा गोषवारा वाचला तर ‘हो, मी हेच म्हणालो’ असे तो म्हणेल का? ज्या लेखकाशी माझे अजिबात पटत नाही त्याच्या बाबतीत मी हे दोनदा विचारते.

क्रियापदांकडे फार बारकाईने पाहावे लागते. मराठीत ‘म्हणाले’, ‘दावा केला’, ‘कबूल केले’, ‘निदर्शनास आणले’ आणि ‘सारवासारव केली’ यांतून निकाल आधीच दिलेला असतो. ‘कबूल केले’ लिहिले की ती गोष्ट खरी होती आणि लपवली जात होती असे आपण सांगून बसतो. ‘निदर्शनास आणले’ म्हटले की बोलणाऱ्याचे म्हणणे आपण तथ्य म्हणून स्वीकारतो, तर ‘दावा केला’ म्हटले की त्यावर शंका घेतो. वाक्याच्या शेवटी आलेला ‘म्हणे’ आणि नामाला चिकटलेला ‘च’ यांनीही पारडे झुकते. माझ्या जुन्या नोंदी मी एकदा सलग वाचल्या तेव्हा मला आढळले की मला पटणारे लेखक ‘निदर्शनास आणत’ होते आणि न पटणारे ‘दावा करत’ होते. हे मी जाणूनबुजून केले नव्हते, आणि म्हणूनच ते मला अधिक गंभीर वाटले. तेव्हापासून राजकीय नोंदींत मी ‘लिहितात’ आणि ‘म्हणतात’ यांपलीकडे सहसा जात नाही. भाषा थोडी कोरडी होते, पण तो तोटा मी पत्करते.

दुसरे कारण आपल्या वाचनाच्या यादीत असू शकते. आपल्याच व्यवसायातील एक जुने उदाहरण यासाठी मोलाचे आहे. अमेरिकेत १८९० साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाचे साप्ताहिक सुरू झाले. ठिकठिकाणच्या वृत्तपत्रांतील आणि नियतकालिकांतील मते एकत्र करून देणे हे त्याचे मुख्य काम होते. अध्यक्षीय निवडणुकीच्या अंदाजांसाठीही त्याचा मोठा लौकिक होता. १९३६ मध्ये त्याने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी जवळपास २४ लाख भरून परत आल्या, आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन निवडून येतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्या वेळच्या ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली, आणि १९३८ साली साप्ताहिक बंद पडले. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळात तुलनेने सुस्थितीत असलेल्या लोकांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्यातही फरक होता. चोवीस लाखांचा आकडा त्या मूळ यादीतला दोष भरून काढू शकला नाही. आपली रोजची वाचनयादी हीसुद्धा अशीच एक यादी आहे. एक महिनाभर प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून आली हे लिहून ठेवा. मी हे केले तेव्हा बहुतेक भाष्ये त्याच चार-पाच लेखकांची निघाली, आणि ते एकमेकांचेच लेख वाचून लिहीत होते.

यावर उपाय म्हणून ‘एक या बाजूचा, एक त्या बाजूचा’ अशी जोडी लावू नये. अनेक प्रश्नांना दोनहून अधिक बाजू असतात, आणि काही प्रश्नांत एका बाजूला सांगण्यासारखे त्या दिवशी काहीच नसते. एकाच घटनेकडे वेगवेगळ्या कारणांनी पाहणारे लेखक निवडावेत. एकाला खर्चाची चिंता आहे, दुसऱ्याला अधिकारांची आणि तिसऱ्याला अंमलबजावणीची, असे तीन गोषवारे शेजारी आले की वाचकाला स्वतःचे मत बनवायला जागा मिळते.

भाकितांविषयी मी कडक आहे. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांची राजकीय आणि आर्थिक भाकिते नोंदवून ती पडताळली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सरासरी तज्ज्ञाची कामगिरी निव्वळ योगायोगापेक्षा फारशी चांगली नव्हती, आणि माध्यमांत अधिक मागणी असलेल्या तज्ज्ञांची तर अधिक कमकुवत होती. म्हणून ‘अमुक होणार’ एवढेच सांगणारे भाष्य मी घेत नाही. घेतलेच तर भाकीत तारखेसह एका वहीत लिहून ठेवते आणि वेळ आल्यावर वाचकांना त्याचे काय झाले ते सांगते. मतदार चाचण्यांबाबतही तेच. हजार जणांच्या नमुन्यात प्रत्येक आकड्यामागे साधारण तीन टक्केबिंदूंची चूक इकडे किंवा तिकडे असू शकते, आणि दोन पक्षांमधील अंतराबाबत ती त्याहून मोठी असते. दोन टक्क्यांच्या आघाडीवर लिहिलेले जोरदार भाष्य गोषवाऱ्यात घेताना हे वाक्य जोडलेच पाहिजे.

आता विज्ञान. इथे आपल्याला सर्वाधिक बदल करावा लागेल असे मला वाटते.

विज्ञानाची बातमी आपल्यापर्यंत कशी येते ते आधी लक्षात घ्या. मोठी नियतकालिके पत्रकारांना शोधनिबंध आधी देतात, पण ठरलेल्या वेळेपर्यंत छापू देत नाहीत; यालाच एम्बार्गो म्हणतात. ‘नेचर’चे निबंध साधारणतः बुधवारी लंडनच्या दुपारच्या चार वाजता खुले होतात आणि ‘सायन्स’चे गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारच्या दोन वाजता. त्यामुळे एकच शोध एकाच मिनिटाला शेकडो ठिकाणी झळकतो आणि संकलन करणाऱ्याला वाटते की इतक्या जणांनी दिला म्हणजे पक्का असणार. प्रत्यक्षात अनेकदा त्या सर्वांच्या मागे एकच प्रसिद्धिपत्रक असते. ब्रिटनमधील वीस विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधापेक्षा वाढवून दिलेला सल्ला होता, ३३ टक्के पत्रकांत कार्यकारणाचा अतिरंजित दावा होता, आणि ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरील संशोधनावरून माणसांविषयी अवाजवी अनुमान काढलेले होते. म्हणजे अतिशयोक्तीचा मोठा भाग वार्ताहराच्या टेबलावर येण्याआधीच बातमीत शिरलेला असतो.

मला हे फार जड जाऊन कळले. स्मृतिभ्रंशावरील एका नव्या द्रव्याची बातमी मी एका विद्यापीठाच्या पत्रकावरून दिली होती. तीन दिवसांनी एका वाचकाने पत्र लिहून विचारले की हे औषध वडिलांसाठी कोठे मिळेल. मूळ निबंध मी तेव्हा प्रथमच उघडला. सगळे काम उंदरांवर झाले होते, आणि माझ्या तीन ओळींत ‘उंदीर’ हा शब्दच नव्हता. त्या गृहस्थांना उत्तर लिहायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली, आणि त्या उत्तराने त्यांची आशा मीच काढून घेतली. तेव्हापासून अभ्यास कोणावर झाला हे पहिल्याच वाक्यात येते: पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर किती जणांवर.

त्यानंतर निबंधाची इतर तज्ज्ञांकडून समीक्षा झाली आहे की तो अजून प्रीप्रिंट आहे, म्हणजे समीक्षेआधीच खुला केलेला मसुदा आहे, हे सांगते. प्रीप्रिंट वाईट नसतात. ‘अर्काइव्ह’ हे संकेतस्थळ १९९१ पासून भौतिकशास्त्रज्ञांचे रोजचे वाचन राहिले आहे, पण ते वाचन तज्ज्ञांचे तज्ज्ञांसाठी असते. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला आणि दाबाला अतिवाहक, म्हणजे कोणत्याही रोधाशिवाय वीज वाहून नेणारा, असल्याचा दावा प्रीप्रिंटमधून केला. जगभरातील प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले की दिसलेल्या परिणामामागे त्यातील कॉपर सल्फाइडची अशुद्धी होती. ज्या संकलकाने तीन आठवडे थांबून ही पूर्ण हकिकत दिली, त्याच्या वाचकांना विज्ञान कसे चालते हेही कळले. पहिल्या दिवशी ‘ऊर्जाक्रांती’ असे शीर्षक देणाऱ्याच्या वाचकांकडे फक्त एक चुकीचे वाक्य उरले.

थांबणे शक्य नसेल, तर नोंद अशी लिहावी की निष्कर्ष पुढे कोसळला तरी आपले वाक्य खरे राहील. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या भौतिकशास्त्रीय प्रयोगातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून निघालेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशाला लागला असता त्याहून साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. प्रकाशाहून वेगवान काही नसते हा आइनस्टाइनचा सिद्धांत चुकल्याचे अनेक मथळ्यांनी सांगून टाकले. २०१२ मध्ये दोष सापडला. त्यात प्रकाशतंतूच्या एका केबलची नीट न बसलेली जोडणी मुख्य होती. पण शास्त्रज्ञांनी स्वतः पहिल्या दिवशीच इतरांना तपासणी करण्याचे आवाहन केले होते. ‘मोजमापात न उलगडलेली तफावत आढळली असून संशोधकांनी इतरांना ती तपासण्यास सांगितले आहे’ असे वाक्य ज्याने लिहिले असेल, त्याला पुढे एक अक्षरही मागे घ्यावे लागले नसते. आपल्या चुकलेल्या दोन बातम्या काढून या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. बहुधा आपण घटना सांगण्याऐवजी तिचा अर्थ घटना म्हणून सांगितला असेल.

धोक्याच्या टक्केवारीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आरोग्याच्या बातम्यांत ती रोज येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, म्हणजे तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात, आणि रोज ५० ग्रॅम सेवनामागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले. गट ठरतो तो पुराव्याच्या खात्रीवरून. धोका किती मोठा आहे याच्याशी गटाचा संबंध नसतो, त्यामुळे ‘मांस सिगारेटइतकेच घातक’ हा मथळा चुकीचाच होता. आणि १८ टक्के वाढ म्हणजे काय, तर समजा आयुष्यभरात शंभरातील पाच जणांना हा आजार होणार असेल, तर त्या पाचांचे जवळपास सहा होतील. एवढे एक वाक्य जोडले की वाचक घाबरतही नाही आणि बेफिकीरही होत नाही. मूळ प्रमाण मिळत नसेल, तर ती बातमी मी घेत नाही.

आता आपल्या वाचकांच्या आवडीच्या भागाकडे येते. आपण याला बिनधोक भाग मानता, आणि इथे मी आपल्याशी सहमत नाही. राजकीय नोंद चुकली तर तासाभरात कोणीतरी तक्रार करतो. प्राण्यांची गोष्ट चुकली तर ती लोक आनंदाने पुढे पाठवतात. मार्च २०२० मध्ये सगळीकडे व्यवहार थांबले तेव्हा व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतल्याचे दृश्य जगभर फिरले. ते सार्डिनियातील एका बंदरावरचे होते, आणि त्याच्या जोडीला दाखवलेले हंस व्हेनिसजवळच्या बुरानोच्या कालव्यांत एरवीही नेहमी दिसतात. निसर्ग सावरतो आहे ही भावना खरी होती, म्हणून चित्र कोणी तपासले नाही.

काही चुकांची किंमत प्राण्यांनाच मोजावी लागते. स्लो लॉरिस या लहान प्राण्याला गुदगुल्या केल्यावर तो दोन्ही हात वर करून बसल्याची चित्रफीत लाखो लोकांनी कौतुकाने पाहिली. हात वर करणे ही त्या प्राण्याची बचावाची हालचाल आहे. त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतील स्राव लाळेत मिसळून विषारी बनतो, आणि हात वर केल्यावर ती ग्रंथी तोंडाजवळ येते. या चित्रफितीखालच्या प्रतिक्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही असा प्राणी पाळायला हवा, असे अनेकांनी लिहिले होते. हा प्राणी २००७ पासून साइटिस या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, आणि चोरट्या व्यापारात त्याचे दात कापले जातात. म्हणून कोणतीही गोंडस चित्रफीत देण्याआधी मी विचारते की हा प्राणी इथे काय करतो आहे, तो इथे कसा आला, आणि हे पाहून कोणाला तो विकत घ्यावासा वाटेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ती चित्रफीत मी देत नाही.

मात्र हाच भाग आपल्या संकलनाचा सर्वांत मोठा आधारही होऊ शकतो. नवल सांगताना ते आपल्याला कसे कळले हेही सांगितले की वाचक पुराव्याची भाषा सहज शिकतो, आणि तेही त्याच्या आवडीच्या जागी. ग्रीनलँड शार्कचेच घ्या. ‘हा मासा चारशे वर्षे जगतो’ हे वाक्य सगळीकडे आढळते. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधात २८ माद्यांच्या डोळ्यांच्या भिंगाचा गाभा तपासला होता. हा गाभा जन्माआधी तयार होतो आणि पुढे बदलत नाही, म्हणून त्यातील किरणोत्सारी कार्बनवरून जन्मकाळाचा अंदाज बांधता येतो. सर्वांत मोठ्या मादीचे वय ३९२ वर्षे आले, पण त्यापुढे ‘अधिक-उणे १२०’ असे लिहिलेले होते. म्हणजे तिचे किमान वय २७२ वर्षे धरले तरीही पाठीचा कणा असलेल्या ज्ञात प्राण्यांत ती सर्वांत दीर्घायुषी ठरते. ‘अधिक-उणे’ दिल्याने नवल तसूभरही कमी होत नाही. हीच कल्पना मतदार चाचणीच्या नोंदीत वाचकाला रुक्ष वाटते, पण शार्कच्या डोळ्यातून ती त्याच्या कायम लक्षात राहते.

‘हुशार हान्स’ या घोड्याची हकिकत मी दर दोन-तीन वर्षांनी नव्या वाचकांसाठी पुन्हा देते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, तर घोडाही चुकतो. योग्य आकडा आला की माणसाच्या चेहऱ्यात आणि मानेत नकळत होणारी बारीक हालचाल ओळखून तो थांबत असे. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणसाच्या मनातला ताण तो त्याच्या मालकापेक्षा अचूक ओळखत होता. खोट्या नवलाच्या जागी आलेले हे खरे नवल मला कितीतरी मोठे वाटते. अशी गोष्ट सापडली की मी तिला तीन ओळींऐवजी दहा ओळी देते आणि त्या दिवशी एक राजकीय भाष्य कमी करते.

आपण विचारले नाही, तरी हक्कांविषयी दोन वाक्ये. १८८६ मध्ये झालेल्या बर्न या स्वामित्वहक्कविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या आजच्या मसुद्यानुसार निव्वळ दैनंदिन बातमीला स्वामित्वहक्काचे संरक्षण नसते, आणि त्याच्या दहाव्या कलमात वृत्तपत्रांतील मजकुराच्या सारांशासाठी उद्धरणे घेण्यास, मूळ स्रोत व लेखकाचे नाव देऊन आणि गरजेपुरतीच, मुभा आहे. नेमकी मर्यादा देशोदेशीच्या कायद्यानुसार बदलते, म्हणून मूळ परिच्छेद उचलण्याऐवजी नेहमी स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि दुवा द्यावा.

दुरुस्ती हा माझ्या मते या कामाचा कणा आहे. चूक ज्या जागी झाली त्याच जागी, तेवढ्याच आकारात, दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा, आणि मूळ चूक काय होती हे स्पष्ट लिहावे. याशिवाय मी पाठपुराव्याची एक वही ठेवते. मोठा दावा करणारी प्रत्येक विज्ञानवार्ता तीत जाते, आणि सहा महिन्यांनी तिचे काय झाले ते मी पाहते. डिसेंबर २०१० मध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूचा दावा गाजला. २०१२ मध्ये इतरांचे प्रयोग त्याच्या विरोधात गेले, आणि ‘सायन्स’ने तो निबंध मागे घेतला तो जुलै २०२५ मध्ये, तोही लेखकांच्या असहमतीसह. माझ्या वहीत ही नोंद जवळपास पंधरा वर्षे उघडी होती. ती बंद झाल्याचे मी ज्या सकाळी लिहिले, त्या सकाळी एका जुन्या वाचकाने कळवले की पहिली बातमीही त्यांनी माझ्याकडेच वाचली होती.

राहिला आपल्या तीन तासांचा प्रश्न. तिन्ही भागांचा वेग वेगळा आहे हे मान्य केले की वेळेची वाटणी सोपी होते. प्राण्यांच्या गोष्टी महिन्यातून दोन दिवस बसून, मूळ निबंध पाहून, एकदम पंधरा लिहून ठेवा. विज्ञानाच्या नोंदी आठवड्यातून दोनदाच द्या, आणि किमान एक आठवडा जुन्या असलेल्याच घ्या. त्या दिवशी तीनऐवजी एक आली तरी चालेल. सकाळी फक्त राजकीय भाष्यांचे गोषवारे करा, म्हणजे ते एका तासात नीट होतील. आणि ज्या वाचकांनी आपल्याला एकतर्फी म्हटले आहे, त्यांना आजच लिहून विचारा की ते कोणत्या लेखकांना प्रामाणिक मानतात. त्यांनी सांगितलेली नावे उद्यापासून आपल्या वाचनयादीत घाला.